पंचवीस रुपयांचा फरक

मूलबाळ नसलेल्या माणसांना वेळच वेळ असतो, असा आमच्या नात्यागोत्यात पक्का समज आहे. ना शाळेचा डबा, ना परीक्षा, ना कांजिण्या! त्यामुळे पहाटेच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्याला दादर स्टेशनवर उतरवून घ्यायचे असो, कुणाच्या बंद घरी गॅसवाला यायचा असो, की लग्नाच्या हॉलवाल्याकडे चार खेटे घालायचे असोत, सर्वांना प्रथम आमची आठवण होते. आमची ही म्हणते, "आपण म्हणजे या घराण्याची स्टेपनी." मला ते बोलणे फारसे लागत नाही. स्टेपनीला एरवी डिकीत निवांत पडून राहायला मिळते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचा रात्री दहाला फोन आला, तेव्हा असेच काहीतरी असणार हे मी ओळखले. पण ती म्हणाली, "दादा, वहिनी आहे का जवळ?" आणि मी जरा सावरून बसलो. गॅसवाल्यासाठी मी चालतो. वहिनी हवी असली, की प्रकरण नाजूक असते.

तिच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली होती. इस्पितळ आमच्याच बाजूला. मेहुणे कंपनीच्या कामाने बंगळूरला, शेजारच्या काकू गावाला, आणि सात वर्षांच्या मुलाला दिवसभर इस्पितळाच्या बाकावर बसवून ठेवायचे म्हणजे तिथल्या साऱ्या रोग्यांचा अंत पाहणे. "सकाळी आठला आणून सोडते आणि रात्री आठला घेऊन जाते. जमेल का, वहिनी?"

"जमेल," ही म्हणाली. फोन ठेवला आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तीन वर्षांनी."

ती तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी. गुढीपाडव्याला बहीण सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आली होती. भाचेबुवांचे वय तेव्हा चार. मामीने केलेले श्रीखंड त्यांना इतके पसंत पडले, की त्यांनी वाटीमागून वाटी मागितली आणि मामीने ती दिली. परिणाम व्हायचा तोच झाला. रात्रभर पोटदुखीने पोराने डोंबिवलीतली सगळी इमारत जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी बहीण फोनवर हिला म्हणाली, "तुला नाही कळायचं, वहिनी. स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं."

जागरणाने शिणलेल्या आईचे बोलणे ते. संध्याकाळी तिने आपणहून फोन करून "चुकले" म्हटले. हिनेही "अगं, त्यात काय" म्हटले. भांडण झाले नाही, येणेजाणे थांबले नाही, राखी-भाऊबीज व्यवस्थित पार पडली. पण भाचा त्यानंतर आमच्याकडे एकटा कधी राहिला नाही. तिने पाठवला नाही, आम्ही बोलावला नाही.

आमच्या लग्नाला बावीस वर्षे झाली. आम्हाला मूल नाही, याचे कारण ते आम्हाला नको होते. एवढे साधे वाक्य, पण ते ऐकून घ्यायला कुणी तयार होत नाही. समाजाच्या कपाटात या बाबतीत दोनच खण आहेत : एक 'होत नाही' आणि दुसरा 'सध्या नको'. 'नकोच' असा तिसरा खण सुताराने केलेलाच नाही. पहिली पाच वर्षे आम्ही 'सध्या नको'च्या खणात काढली. पुढे कुणीतरी आम्हाला अलगद उचलून 'होत नाही'च्या खणात ठेवले. तिथे आमच्यावर डॉक्टरांचे पत्ते, उपासतापास, नवस, एक पितळी बाळकृष्ण आणि पुष्कळशी सहानुभूती यांचा वर्षाव झाला. वास्तविक ही गोष्ट आपल्याकडे काही आजची नव्हे. याच मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, आणि त्यांनी व मालतीबाईंनी समजून-उमजून स्वतःला मूल होऊ दिले नाही. आम्ही काही कर्वे नव्हेत. त्यांच्यापाशी विचार होता, आणि त्यासाठी लोकांचा रोष सोसण्याची ताकद होती. आमच्यापाशी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची एक संध्याकाळ आणि भेळेच्या दोन पुड्या होत्या. ही म्हणाली, "मला मुलं आवडतात, पण मला आई व्हावंसं वाटत नाही. तुला हे विचित्र वाटतं का?" मी म्हणालो, "मला वाटत होतं की तुला माझंच विचित्र वाटेल." मग आम्ही आणखी एकेक भेळ घेतली. आमचे चर्चासत्र एवढेच.

बुधवारी रात्री बहिणीचा संदेश आला. त्यात सतरा कलमे होती. टोपी घालणे. प्लॅटफॉर्मवर हात न सोडणे. उकळलेलेच पाणी देणे. रंगीत गोळा देऊ नये. तिखट देऊ नये. मोबाइल देऊ नये. नववे कलम होते, 'गोड बेताने.' ही त्या नवव्या कलमापाशी थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. सतराही कलमे तिने एका कागदावर उतरवून घेतली आणि पर्समध्ये ठेवली.

शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली हे आमचे भाग्य, कारण बुधवारी राणीची बाग बंद असते आणि भाचेबुवांनी फोनवरून आधीच दोन अटी घातल्या होत्या : एक डबल-डेकर आणि एक पाणघोडा. मी गुरुवारची रजा टाकली. रजेच्या अर्जात कारण काय लिहावे याचा विचार करता करता 'कौटुंबिक' असे लिहिले. हा शब्द पुढे दिवसभर माझ्या मागे लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

आठाला पाच कमी असताना स्वारी दाखल झाली. पाठीवर दप्तराएवढी पिशवी, गळ्यात पाण्याची बाटली, हातात एक वही. टॅक्सी खाली सासूबाईंसह खोळंबली होती. बहिणीने पोराची टोपी दोनदा सारखी केली, आमच्याकडे पाहिले, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि न बोलताच जिना उतरली.

पहिला कार्यक्रम डबल-डेकरचा. दादरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले. बाहेर ए-११५ नंबरची बस उभीच होती. आम्ही धावलो, वर चढलो आणि पाहतो तो पुढच्या काचेपाशी असलेल्या सगळ्या जागा भरलेल्या. भाचेबुवांचा चेहरा उतरला. मी सवयीने म्हणालो, "असू दे, इथे बसू." ही म्हणाली, "का? आपल्याला कुठे जायचंय?" खरेच की! आम्हाला कुठेच जायचे नव्हते. आम्ही तिघेही खाली उतरलो आणि ती बस सोडून दिली. भाच्याने मामीकडे अशा नजरेने पाहिले, की हिने त्याच्या देखत एखादी आगगाडी थांबवली असावी. "आई कधीच बस सोडत नाही," तो म्हणाला. ही लगेच म्हणाली, "आईला पोचायचं असतं रे. आपण रिकामटेकडे आहोत."

दुसरी बस येईपर्यंत वेळ होता. समोरच्या फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ त्याला दाखवले : सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. भाचेबुवांनी बराच वेळ दोघांना न्याहाळून विचारले, "मग यांची मारामारी कोण जिंकलं?" मी म्हणालो, "वाघ. १९४७ साली." ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

पुढच्या बसमध्ये मात्र आम्हाला अगदी पुढची जागा मिळाली. माझ्या लहानपणीच्या लाल डबल-डेकरला पुढच्या खिडकीतून जो भन्नाट वारा यायचा तो या नव्या विजेच्या, वातानुकूल गाडीत नाही. मुंबईत दुमजली बस आली १९३७ साली. ती जुनी डिझेलवरची बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, तेव्हा मी हळहळलो होतो. माझे वडील ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम पाहायला गर्दीत उभे होते आणि पुढे जन्मभर बसला नावे ठेवत होते. आमच्या घराण्याला गेलेल्या वाहनावर प्रेम करायची खोड आहे. भाचेबुवांना त्याचे काय! ते काचेला नाक लावून स्वतः बस चालवत होते. वळणावर सबंध अंगाने वळत होते आणि सिग्नलला पायाने ब्रेक दाबत होते.

पलीकडच्या बाकावर साठी उलटलेल्या एक बाई होत्या. "आयुष्य खालच्या मजल्यावर गेलं," त्या आपणहून म्हणाल्या. "आज म्हटलं, वर चढून बघूच." मग त्यांनी आमच्या ड्रायव्हरकडे कौतुकाने पाहिले आणि हिला विचारले, "एकुलता एक का हो?"

"हो," ही म्हणाली. उत्तर खरेच होते. भाचा एकुलता एकच आहे.

"वाटलंच. अगदी बाबांवर गेलाय," असे म्हणून बाईंनी माझ्याकडे बोट केले.

आता पोराचे नाक माझ्यासारखे आहे हे खरे. मामाचे नाक भाच्याला येते, त्यात नवल नाही. हिने आता "अहो, हा भाचा" एवढे म्हणायचे होते. बावीस वर्षांत असे तिने शंभर वेळा म्हटलेले मी ऐकले आहे, आणि तेही न अडखळता. या वेळी ती काहीच बोलली नाही. नुसती हसली. बाईंनी पिशवीतून आलेपाकाची वडी काढून पोराला दिली, "आईला विचारून खा हं" म्हणाल्या आणि चर्चगेटला उतरून गेल्या. पोराने वडी हातात धरली आणि आधी मामीकडे, मग माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या रस्त्याचे निरीक्षण करू लागलो. ही म्हणाली, "खा. आलेपाक कलमात बसतो." बस सरळ समुद्राच्या दिशेने निघाली होती.

समुद्र पाहून त्याच बसने परत आलो. स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे जेवलो. तिखटाचे कलम मसाला डोशाला लागू आहे की नाही यावर मामी-भाच्यात थोडा खल झाला आणि निकाल भाच्याच्या बाजूने लागला. तिथून लोकलने भायखळा.

राणीच्या बागेच्या तिकीट-खिडकीपाशी दर लावलेले होते. मोठ्या माणसाला ५० रुपये, लहान मुलाला २५ आणि आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये. मी मनात बेरीज केली. आम्ही तिघे सुटे सुटे गेलो तर १२५ होतात. कुटुंब म्हणून गेलो तर १००, आणि वर एका मुलाची जागा शिल्लक! मध्यमवर्गीय माणसाला पंचवीस रुपये वाचवण्याची संधी दिसली, की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. मी खिडकीशी वाकलो आणि तोंडातून "फॅमिली" एवढा शब्द बाहेर पडला असेल-नसेल, तोच मागून ही म्हणाली, "दोन मोठे, एक लहान."

"अगं, पण..."

"तिथे आईवडील लिहिलंय."

मी १२५ रुपये दिले. भाचेबुवांना वाचता येऊ लागल्यापासून ते पाटी म्हणून सोडत नाहीत. त्यांनी सगळे दर मोठ्याने वाचले, बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "मामी, म्हणजे आपण फॅमिली नाही?"

"आहोत ना. पण त्यांच्या पाटीतली नाही."

"मग बसमध्ये कुठली होतो?"

हिने उत्तर दिले नाही. "चल, पेंग्विन बघू" म्हणून त्याचा हात धरला.

बाग १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. लोक इथे जनावरे पाहायला येतात, पण मला विचाराल तर खरी श्रीमंती झाडांची आहे. गोरखचिंचेचा तो अवाढव्य बुंधा आणि कैलासपतीची अंगावरच फुललेली फुले! मे महिन्याच्या दुपारी बाहेर डांबर वितळत असताना आत या झाडांखाली माणूस माणसात येतो. पण हे मी सात वर्षांच्या मुलाला सांगण्यात अर्थ नव्हता. पेंग्विनच्या काचेपुढे खांद्याला खांदा लावून लोक उभे होते. भाचेबुवांची पहिली तक्रार, "बर्फ कुठाय?" ही म्हणाली, हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, तिथे बर्फ नसतो. २०१६ साली दक्षिण कोरियातून इथे आले. पुढे म्हणाली, यांच्यात आई आणि बाबा पाळीपाळीने अंड्यावर बसतात, जवळजवळ चाळीस दिवस.

"बाबा पण?"

"बाबा पण."

"मग ऑफिस?"

शेजारचे चार अनोळखी बाप मनापासून हसले. त्यांतला एक बायकोच्या नजरेला नजर न देता हसत होता, असे मला वाटले.

आणि मग पाणघोडा.

आम्ही कठड्यापाशी गेलो तेव्हा तलावात हिरवट पाण्याखेरीज काहीच नव्हते. बरेच लोक येत, "काही नाहीये" म्हणत आणि पुढे जात. एवढ्यात पाण्यावर दोन नाकपुड्या आल्या, फुर्र असा आवाज झाला, कान फडफडले आणि पुन्हा सगळे गडप. भाचेबुवा जागच्या जागी खिळले. "तो पोहत होता?" हिने सांगितले, की पाणघोडा पोहत नाही. दीड टनाच्या वरचे ते धूड तळावरून चक्क चालते आणि तीन ते पाच मिनिटांनी श्वासापुरते वर येते.

"नक्की किती मिनिटांनी?"

"मोज," ही म्हणाली आणि मनगटावरचे घड्याळ काढून तिने त्याच्या हातात दिले.

वाचकहो, आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. पहिली दहा मिनिटे मला मौज वाटली. पुढची दहा मिनिटे पाय दुखले. त्यानंतर मात्र मीही त्या नादात सापडलो. त्या तेवढ्या पाण्यावर डोळे लावून बसायचे, आता येईल, आता येईल म्हणून श्वास रोखायचा, आणि नाकपुड्या दिसताच तिघांनी एकदम "आला!" म्हणून ओरडायचे. वहीत आकडे पडत होते : ३ मिनिटे १० सेकंद. ४ मिनिटे २ सेकंद. ३ मिनिटे ४५ सेकंद. एकदा तो वेळेआधीच वर आला, तर भाचेबुवांनी 'चीटिंग' असा शेरा मारला. आजूबाजूला आईबाप मुलांना ओढून नेत होते, "चला, वाघ राहिलाय, चला, पुन्हा गर्दी होईल." त्यांचे काही चुकत नव्हते. त्यांना सकाळी उठून डबे भरायचे होते, संध्याकाळी कपडे धुवायला टाकायचे होते, उद्याही हीच मुले सांभाळायची होती. आम्हाला उद्या काहीच नव्हते. आमच्याजवळची सगळी श्रीमंती तेवढीच, आणि ती पाणघोड्यावर उधळायला आम्ही मोकळे होतो.

दोन श्वासांच्या मध्ये मुले बोलतात, हे मला त्या दिवशी कळले. पाण्यावरची नजर न हलवता भाचा म्हणाला, "मामी, तुम्हाला मुलं का नाहीत?"

हा प्रश्न आम्हाला हजार माणसांनी विचारला आहे, पण इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. मी काही गुळमुळीत बोलणार होतो, पण हिने मला संधी दिली नाही.

"आम्हाला नको होती."

"म्हणजे मी पण नको होतो?"

"तुला आम्ही मागवला नव्हता. तू आपणहून आलास. आल्यावर बरा निघालास."

भाचेबुवांनी विचार केला. उत्तर पटले असावे, कारण त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग बसमधल्या आजीला खोटं का सांगितलंस?"

"मी कुठे काय सांगितलं? त्या बोलल्या, मी हसले."

"न सांगणं म्हणजे पण खोटंच असतं. आमच्या बाई म्हणतात."

ही जरा वेळ गप्प राहिली. "बरोबर आहे तुमच्या बाईंचं," ती म्हणाली. "खोटंच झालं."

"का बोललीस?"

"बरं वाटलं. एका स्टॉपपुरतं."

"आला!" भाचा ओरडला. "तीन मिनिटं पन्नास!"

पाणघोडा आला आणि गेला. मला तो दिसला नाही. मी हिच्याकडे पाहत होतो आणि ही घड्याळाकडे. बावीस वर्षांपूर्वी भेळेच्या पुडीवर तिने मला एक गोष्ट सांगितली होती आणि ती मी खिशात घालून निश्चिंत झालो होतो. नंतर एकदाही तिला पुन्हा विचारले नव्हते. विमा काढल्यावर माणूस कागद कपाटात टाकून विसरतो, तसे झाले होते माझे.

बागेतून निघताना संग्रहालयाच्या इमारतीजवळचा दगडी हत्ती दाखवला. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट इंग्रजांनी घातला, पण उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे इथे आले आणि १९१४ साली जोडले गेले. भाचेबुवांनी लांबून प्रत्येक सांधा शोधून काढला. "मग हा खरा हत्ती की खोटा?" त्यांना त्या दिवशी खऱ्या-खोट्याचे भारीच पडले होते. मी म्हणालो, "खरा. फक्त जोडलेला." तेही वहीत गेले. टॅक्सीत बसताच स्वारी मामीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली, तोंडाला आलेपाकाचा बारीकसा डाग तसाच.

रात्री आठला बहीण आली तेव्हा दमलेली होती. सासूबाईंचे सगळे नीट पार पडले होते. त्यांना खाली टॅक्सीत बसवून ती वर आली होती. मेहुण्यांचे एक चुलतभाऊ सोबतीला होते, म्हणून दहा मिनिटे बसली. पोरगा सोफ्यावर गाढ झोपलेला. तिने आधी त्याच्या पोटाला हात लावला, आणि आपण हात लावला हे आमच्या लक्षात आले असे दिसताच काढून घेतला. हिने चहा पुढे केला आणि सांगितले, "श्रीखंड नाही दिलं."

बहीण काही बोलली नाही. वही उघडून चाळू लागली. वाघ जिंकला १९४७. हत्ती खरा पण जोडलेला. तिकीट १२५, फॅमिलीत १००, मामीने २५ जास्त दिले. आणि मग दीड पान नुसती मिनिटे आणि सेकंद.

"हे काय?"

"पाणघोडा मोजला," मी म्हणालो. "पाऊण तास."

"पाऊण तास?" ती आकड्यांकडे बघत राहिली. "मी याच्याजवळ पाऊण तास नुसती कधी उभी राहिले, आठवत नाही."

"तुला कसं जमणार?" ही म्हणाली. "तुला मूल आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. हे वाक्य तीन वर्षे मुरलेले होते, हे आम्हा तिघांनाही कळले. बहिणीने वर पाहिले. हिच्या तोंडावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. तिने आपले खरे तेच सांगितले होते. मग माझी बहीण हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते दिवसभराच्या थकव्याने की कशाने, ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस ठेवाल का याला?"

"चार नको," ही म्हणाली. "दोन."

मंडळी गेली. दार लावले. घर पूर्वीसारखे शांत झाले आणि आम्ही दोघांनी टेबलावर पाय पसरून ती शांतता अक्षरशः चवीने खाल्ली. हेही सांगितले पाहिजे. परत देऊन टाकण्यातही सुख असते आणि ते लपवण्याइतका मी सज्जन नाही. पण दिवसभर एक प्रश्न माझ्या घशाशी होता.

"तुला कधी वाटतं का?" मी विचारले. "म्हणजे, बसमध्ये..."

तिला पुढचे विचारावे लागले नाही. "साडीच्या दुकानात आपण शालू खांद्यावर टाकून आरशात बघतो," ती म्हणाली. "म्हणजे काय तो घ्यायचाच असतो? बघावंसं वाटतं. दिसतोही छान. मग घडी करून परत देतो." थोडे थांबून म्हणाली, "तुझं काय?"

मी म्हणालो, "तिकिटाच्या खिडकीशी मी 'फॅमिली' म्हणालो ना, ते पंचवीस रुपयांसाठी नव्हतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर मध्ये बोलले."

साडेदहाला हिचा मोबाइल वाजला. बहिणीच्या नंबरवरून संदेश होता, पण भाषा तिची नव्हती : 'मामी पाणघोडे रात्री पण मोजायचे का ते झोपतात का'.

"रात्री पाण्याबाहेर येऊन चरतात म्हणे ते," मी म्हणालो. "आणि त्याला सांग, साडेदहा वाजलेत. मोबाइल देऊ नये हे कितवं कलम होतं?"

तिने मला हातानेच गप्प केले. चष्मा डोळ्यांवर चढला होता. रात्री पाणघोडे पाण्यापासून किती लांब जातात, ते ती वाचू लागली होती.